चकती उडवायला जागा लागते : डिस्क गोल्फ, पुणे आणि हिंजवडी



इतिहासावरचं व्याख्यान म्हटलं की लढाया, राज्यं, फार तर चळवळी येणार असं आपण गृहीत धरतो. आज आम्ही एका प्लास्टिकच्या चकतीचा इतिहास सांगणार आहोत. विषय हलका वाटेल. पण खेळ कुठे जन्मतो, कुठे रुजतो आणि कुठे रुजू शकत नाही, हे बघितलं की त्या गावातली जमीन कोणाच्या हातात आहे हेही कळतं. हिंजवडीत बसून हा विषय बोलायचा तो त्यासाठीच.

आधी खेळ समजून घेऊ, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल, पाहिला नसेल. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, पण काठी आणि चेंडू यांच्या जागी फ्रिस्बीसारखी चकती. जमिनीत भोक नसतं. त्याऐवजी एका खांबावर लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या असतात. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, जिथे पडेल तिथे जायचं, तिथून पुन्हा फेकायची. साखळ्यांना लागून चकती टोपलीत पडली की तो होल संपला. असे ९ किंवा १८ होल. सगळ्यात कमी फेकींत जो पुरं करेल तो जिंकला. नियम एवढेच.

आता या चकतीचा जन्म. १९३७ साली अमेरिकेत फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकत होता. झाकण पोचे पडून खराब झालं, म्हणून ते केक भाजायचा पत्र्याचा थाळा वापरू लागले. समुद्रकिनाऱ्यावर एकाने तो थाळा २५ सेंटला विकत मागितला. दुकानात त्याची किंमत होती ५ सेंट. मॉरिसनला धंदा सापडला. पुढे प्लास्टिक आलं, त्याने चकती सुधारत नेली आणि १९५७ च्या जानेवारीत वॅम-ओ या कंपनीला हक्क दिले. 'फ्रिस्बी' हे नाव आलं ते कनेटिकटमधल्या फ्रिस्बी पाय कंपनीवरून. तिथले विद्यार्थी तिच्या रिकाम्या थाळ्या उडवत असत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. झाकण, थाळा, रिकामी थाळी. खेळ स्वयंपाकघरातून आणि कचऱ्यातून आला. त्याच्याही आधी, १९२६ साली, कॅनडातल्या ब्लॅडवर्थ या छोट्या गावात शाळकरी मुलं पत्र्याची झाकणं आखलेल्या वर्तुळांत फेकत आणि त्या खेळाला 'टिन लिड गोल्फ' म्हणत, अशी नोंद आहे. मुलांच्या हाती जे पडलं त्याचा खेळ झाला. आपल्याकडे फुटक्या कौलाची ठिकरी झाली, फरशीच्या तुकड्यांची लगोरी झाली, तसंच हे.

चकती आपल्याला परकी नाहीच. सुदर्शन चक्र आपल्या कथांत आहे, आणि शीख निहंगांच्या पगडीवरचं पोलादी चक्र तर प्रत्यक्ष फेकायचं शस्त्र होतं. पण शस्त्राचा खेळ व्हायला एक अट असते : समोरच्याला लागू नये, अशी व्यवस्था. ती व्यवस्था म्हणजे नियम आणि मैदान.

ती कशी झाली, ते पाहू. वॅम-ओमध्ये एड हेड्रिक नावाचे गृहस्थ होते. चकतीच्या वरच्या बाजूला ज्या बारीक कड्या असतात, ज्यांमुळे ती डगमगत नाही, त्यांचं पेटंट त्यांच्या नावावर आहे, १९६७ चं. लोक तोवर हौसेने 'गोल्फ' खेळतच होते. लक्ष्य म्हणून झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, काहीही. हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ला कन्याडा इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होऊ लागले, तेव्हा टोपली आणि साखळ्या आल्या. साखळीचा आवाज झाला की वाद मिटला! तिचं पेटंट १९७७ चं. मधल्या वर्षी, १९७६ ला, खेळाडूंची संघटना स्थापन झाली. हेड्रिक २००२ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख काही चकत्यांमध्ये मिसळली गेली. वेड म्हणावं तर असं.

मंडळी, या हकिगतीतला महत्त्वाचा शब्द 'पार्क' हा आहे. ओक ग्रोव्ह ही काही कोण्या क्लबची मिळकत नव्हती. ती सार्वजनिक बाग होती. तिच्या शेजारी काय आहे माहितीये? नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. म्हणजे अंतराळयानं बनवणाऱ्या इंजिनिअरांच्या दाराशी, ओकच्या झाडांखाली हा खेळ रुजला, आणि तिथे इंजिनिअर खेळू शकत होता तसा शाळेतला पोरगाही. फाटकावर ओळखपत्र दाखवायचं नव्हतं. आजही जगातली डिस्क गोल्फची बहुतेक मैदानं फुकट आहेत आणि सार्वजनिक जागेत आहेत. फिनलंड आणि एस्टोनियात हा खेळ घरोघरी पोचला आहे, त्याचं एक कारण हेच. गवत कातरून मखमलीसारखं करावं लागत नाही, पाणी ओतावं लागत नाही. चढउतार, झाडं, झुडपं हीच खेळाची गंमत. गोल्फला जी जमीन नापास, ती इथे पहिल्या वर्गात पास.

'पण हा परदेशी खेळ, आपल्याला कशाला?' असा प्रश्न दरवेळी येतो. त्याला पुण्याच्याच इतिहासाने उत्तर देऊ. बॅडमिंटनचं एक जुनं नाव 'पूना' असं होतं. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इथे इंग्रजांच्या छावण्या बसल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छावणीतले अधिकारी जाळं बांधून फुलाचा खेळ खेळत. तोच सुट्टीवर जाणाऱ्यांबरोबर इंग्लंडला गेला, ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाउसचं नाव घेऊन बसला आणि जगभर पसरला. म्हणजे आपल्या गावाचं नाव त्या खेळाला राहिलं असतं, थोडक्यात हुकलं. खेळाला पासपोर्ट नसतो.

उलट दिशेचं उदाहरण घ्या. खो-खो आपला, शतकानुशतकांचा. पण अंगणा-अंगणात त्याचे नियम वेगळे. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ च्या सुमारास तिथल्या मंडळींनी खो-खोचे नियम लेखी ठरवले. हुतूतूचंही तसंच, १९२० च्या दशकात साताऱ्याकडे आणि बडोद्याला त्याला शिस्त आली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगाला दाखवले. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही तो जिंकला. अंगणापासून विश्वचषकापर्यंतच्या या वाटेत तीन गोष्टी प्रत्येक टप्प्यावर दिसतात : मान्य झालेले नियम, नेमाने जमणारी माणसं, आणि जमायला मैदान. पहिल्या दोन गोष्टी माणसं स्वतः उभ्या करतात. तिसरी समाजाला द्यावी लागते.

डेक्कन जिमखान्याच्याच इतिहासात याचा पुरावा आहे. त्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावताना पाहिले, आणि त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाते हे ओळखलं. त्यातून १९२० ला अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. मैदानावर शेतकऱ्याला पाय ठेवायला मिळाला नसता तर हे पाय कोणाला दिसले असते?

आता हिंजवडी. मुळशी तालुक्यातलं हे गाव. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा, हिंजवडी ते वाकड निघणारं बगाड. त्या दिवशी सगळी वाट, सगळं शिवार गावाचं असतं. कुंपण कोणाचं, हे कोणी विचारत नाही. जुन्या गावगाड्यात गायरान असे, देवळापुढचं पटांगण असे, पीक निघालं की रिकामं वावर असे. मुलांना मैदान म्हणून वेगळं मागावं लागत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथे एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं. हिंजवडी, माण, मारुंजीच्या भाताच्या खाचरांवर काचेच्या इमारती आल्या. लाखो माणसांना त्यातून रोजगार मिळाला, ही गोष्ट लहान नाही, आणि त्याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही.

पण शब्दाकडे बघा. यालाही 'पार्क' म्हणतात. ओक ग्रोव्हलाही पार्क म्हणतात. एका पार्कात कोणीही शिरतो, दुसऱ्यात बॅज लावून. आणि असं नाही की इथे हिरवळ नाही. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, हा नियमच आहे. इथल्या कंपन्यांच्या आवारात सुंदर हिरवळी आहेत, मोठ्या सोसायट्यांत बागा आहेत, एका टाउनशिपमध्ये तर ९ होलचं गोल्फचं मैदानसुद्धा आहे. मोकळी जागा आहे. ती तुकड्या-तुकड्यांत, फाटकांच्या आत आहे. गावचा मुलगा, शेअर फ्लॅटमध्ये राहणारी नोकरदार मुलगी, आणि बांधकामावरच्या मजुराचं पोर, हे तिघं एकाच जागेवर खेळताना दिसतील, अशी जागा शोधायला मात्र फिरावं लागतं. महानगरपालिकेच्या हद्दीत उद्यान विभाग तरी असतो. हिंजवडीचा पसारा शहराचा झाला, तरी कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा राहिला. मैदानांसाठी दार कोणाचं ठोठवायचं, हाच घोळ.

इथे तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा सारांश असा की, अनावश्यक अडथळे आपखुशीने पत्करून ते पार करायचा प्रयत्न म्हणजे खेळ. चकती टोपलीत टाकायचीच असेल तर चालत जाऊन हाताने ठेवावी, सगळ्यात सोपं. आपण तसं करत नाही. लांबून फेकतो, झाडाला धडकवतो, वाऱ्याला शिव्या घालतो. हिंजवडीत दिवसभर काय चालतं? वेळ वाचवा, पायऱ्या कमी करा. संध्याकाळी त्याच माणसाने मुद्दाम अवघड वाट निवडणं, आणि तीही कोणी सांगितली म्हणून नव्हे, ही स्वातंत्र्याची फार साधी खूण आहे. आपल्या वेदान्तात ईश्वराच्या सृष्टीला 'लीला' म्हटलं ते याच अर्थाने : गरज नसताना केलेली कृती. ही चैन फक्त फाटकाच्या आतल्यांनाच का असावी?

तेव्हा करायचं काय? टोपल्या यायची वाट बघू नका. मूळ लोकांनी केलं तेच करा. एक चकती घ्या. डिस्क गोल्फच्या चकत्या साधारण १५० ते १८० ग्रॅमच्या, फ्रिस्बीपेक्षा लहान आणि कडेला धारदार असतात. त्यात लांब जाणारी ड्रायव्हर, मधली मिडरेंज आणि टोपलीजवळची पटर असे प्रकार. नवशिक्याने पटर किंवा मिडरेंजच घ्यावी. ड्रायव्हरला वेग लागतो. तो नसला की ती लगेच एका बाजूला वळून पडते. नाही मिळाली तर साधी फ्रिस्बी चालेल. फेकताना ताकदीपेक्षा मनगटाचा झटका बघा, कारण चकतीला स्थिर ठेवते ती तिची गिरकी. उजव्या हाताने, आपण पत्ते वाटतो तशा फेकलेल्या चकतीचा वेग उतरला की ती डावीकडे झुकते. हे कळलं की अर्धा खेळ कळला.

लक्ष्य म्हणून खांब किंवा जाड बुंध्याचं झाड ठरवा. रोपांना मारू नका, साल सोलते. नऊ लक्ष्यं झाली की मैदान झालं. सकाळी लवकर जा. समोर माणूस असेल तर फेकू नका, हा पहिला आणि शेवटचा नियम. आणि तिथे आधीपासून क्रिकेट खेळणारी पोरं असतील तर त्यांना हुसकावू नका, बोलावा. त्यांचा नेम तुमच्यापेक्षा चांगला निघेल.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. सोसायटीच्या, कंपनीच्या बैठकीत एक प्रश्न विचारा : आपली मोकळी जागा रविवारी सकाळी दोन तास शेजारच्या शाळेच्या मुलांना उघडता येईल का? सुरक्षेचं कारण पुढे येईल, विम्याचं येईल, गवताचंही येईल. कारणं खोटी नसतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातही मैदानं आपोआप मिळाली नव्हती. लोकांनी वर्गणी काढली, अर्ज केले, समित्या केल्या. ग्रामसभेत मैदानाचा विषय लेखी देणं हे तुमच्यापैकी प्रत्येकाला, इथला मतदार असाल तर, शक्य आहे. आणि नसाल तर, इतकी वर्षं इथे राहून मतदार का झाला नाहीत, हाही एक प्रश्नच आहे.

डिस्क गोल्फ इथे रुजेल की नाही, याचं भाकीत आम्ही करत नाही. दोन वर्षांत लोक दुसरंच काही खेळू लागतील, हेही शक्य आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही. खेळ येतात, जातात. मैदान एकदा गेलं की परत येत नाही, कारण त्यावर तोवर बारा मजले चढलेले असतात. म्हणून चकती निमित्त समजा.

आता आपले प्रश्न घेऊ या.