कंदीलपुष्पाचें नामकरण

नाशिकाहून त्र्यंबकाच्या वाटेनें निघालें म्हणजे दहाबारा मैलांवर डाव्या हातास अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचें जन्मस्थान म्हणून भाविक तेथें चढून जातात. पायथ्याचीं जुनीं देवळें पाहण्यास इतिहासाचे अभ्यासक जातात. परंतु पावसाळ्याच्या उत्तरार्धांत त्याच्या कातळावरील पातळ मातींत, गवताच्या आड, एक लहानसें रोप फुलतें, त्याकडे या दोघांचेंहि लक्ष सहसा जात नाहीं. त्याचें फूल पाकळ्या उमललेल्या फुलासारखें नसून उभ्या नळीसारखें असतें, आणि नळीच्या तोंडाशीं पाकळ्यांचीं टोकें जुळून कंदिलाच्या टोपणासारखा आकार होतो. बारीक माशा वासानें आंत शिरतात. आंतील केस खालच्या बाजूस वळलेले असल्यामुळें त्यांस परत फिरतां येत नाहीं. पुढें ते केस सुकले, फूल कललें, म्हणजे हे कैदी पराग घेऊन सुटतात व लगेच दुसऱ्या कंदिलांत जाऊन अडकतात.

या रोपाचें शास्त्रीय नांव ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. तें मिळालें २००६ सालीं. मलपुरे, कांबळे व कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतील प्रा. एस. आर. यादव यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्या डोंगरावर शेंकडों वर्षें माणसांची ये-जा आहे, त्यावरील फुलास शास्त्राच्या वहींत जागा मिळण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें. मात्र या कुळाच्या नामकरणाचा इतिहास पाहूं लागलें कीं हें नवल कांहींसें ओसरतें.

कुळाचें नांव लिनियसनें १७५३ सालीं ठेवलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मेणाचें कारंजें असा होतो. पण त्याच्यापुढें आधार होता तो ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथांतील चित्राचा. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड यानें मलबारच्या वनस्पतींची चौकशी करवून हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत अ‍ॅमस्टरडॅम येथें छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडांत जें एक पान आहे तें मराठी वाचकानें अवश्य पाहण्यासारखें आहे. रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या तीन कोंकणी वैद्यांनीं १६७५ सालीं दिलेली ग्वाही तेथें नागरी अक्षरांत, कोंकणी भाषेंत छापलेली आहे. तिच्याच शेजारीं इट्टि अच्युतन् या मलबारी वैद्याची ग्वाही आहे. म्हणजे ही माहिती कोणीं दिली, कोणीं तपासली, हें ग्रंथकर्त्यानें लपविलें नाहीं.

पुढील दोन शतकांत मुंबई इलाख्यांत जें काम झालें तें विलक्षण होतें, आणि तें बहुतेक हौशी माणसांनीं केलें. मुंबईच्या वनस्पतींची पहिली छापील यादी १८३९ सालीं निघाली. ती करणारा जॉन ग्रॅहम पोस्टखात्यांत होता. यादी पुरी होण्यापूर्वींच तो वारला व निम्मो नांवाच्या स्नेह्यानें ती तडीस नेली. १८६१ सालीं ‘बाँबे फ्लोरा’ लिहिणाऱ्या दोघांपैकीं गिब्सन हा सर्जन, तर डॅल्झेल मूळचा जकातखात्यांतला. दोघेहि पुढें जंगलखात्याकडे आले. शतकाच्या अखेरीस सर्वांत मोठा ग्रंथ ज्यानें हातीं घेतला, तो थिओडोर कुक रेल्वेचा एंजिनियर व नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपॉल. त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत भागाभागानें बाहेर पडला. पोस्ट, दवाखाना, जकात व रेल्वे सांभाळून या मंडळींनीं सह्याद्रि पिंजून काढला, हें कबूल केलेंच पाहिजे.

१८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तीहि अशाच आठ मित्रांच्या बैठकींतून, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. सोसायटीच्या मासिकांत शिक्षक, पाद्री, कलेक्टर व न्यायाधीश एकमेकांच्या ओळखी तपासूं लागले. कंदीलपुष्पांच्या नांवांतच ही सारी मंडळी आजहि भेटतात. मुलकी नोकरींतील लॉ याचें नांव एका जातीस आहे, मॅकॅनचें दुसरीस, फादर संतापाव यांचें तिसरीस. नाहींत तीं फक्त वाट दाखविणाऱ्यांचीं नांवें. ग्रंथांत देशी शब्द पुष्कळ टिपलेले सांपडतात, पण ते सांगणारा ठाकर कोण, गुराखी कोण, याचा पत्ता नाहीं. सतराव्या शतकांतल्या डच सरदारानें जो प्रामाणिकपणा दाखविला, तो एकोणिसाव्या शतकांतल्या शास्त्रज्ञांस सुचूं नये, हें आम्हांस खटकतें.

यावर कोणी म्हणेल, देशी नांवांवर शास्त्र कसें चालणार? तें खरेंच आहे. ‘खरपुडी’ हें नांव घ्या. कंद खाणाऱ्यास तेवढें पुरतें, पण त्या एका शब्दांत अनेक जाति सामावतात. आणि भारतांत या कुळाच्या जाति पन्नासाच्या घरांत आहेत, त्यांतल्या पुष्कळशा केवळ सह्याद्रींतल्या. एका डोंगरावरची शेजारच्या डोंगरावर मिळेलच असें नाहीं. जर्मन पंडित हूबर यानें १९५७ सालीं या कुळाची फेरमांडणी केली. पुण्याच्या वनस्पति-सर्वेक्षण खात्यांतील अन्सारी यांनीं भारतीय जातींचा ग्रंथ १९८४ सालीं लिहिला. नळी किती फुगीर, पाकळीचें टोंक किती लांब, कंद आहे कीं नाहीं, वेल आहे कीं ताठ झुडूप, यांवर हे वाद चालतात. बाहेरच्यास ते क्षुल्लक भासतील. परंतु यांपैकीं एका रेघेवर एखादी जाति उभी राहते किंवा दुसरींत विरून जाते.

लॅटिन नांवें तरी स्थिर आहेत काय? शिंदळ माकुडीची गोष्ट ऐकावी. जुन्नरच्या परिसरांत डॅल्झेलला कड्यांच्या खडकांतून वाढणारी ही मांसल वनस्पति मिळाली. लाल-पिवळ्या ताऱ्यासारखें तिचें फूल त्यानें नवें कूळ म्हणून नोंदलें आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें. १९५८ सालीं रोली यानें तिला ‘कॅराल्युमा’ कुळांत नेलें. तेथें ‘इंडिका’ हें नांव आधींच दुसरीस दिलेलें होतें, म्हणून ती ‘फ्रेराय’ झाली. कूळ गेलें, पण गव्हर्नरसाहेब राहिले! पुढें तिची रवानगी ‘बुसेरोसिया’ कुळांत झाली. आणि २०१७ सालीं ब्रुइन्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून हीं सारीं कुळें सेरोपेजियांतच मोडतात असा निकाल दिला. सर्वांस तो मान्य नाहीं. युरोप-अमेरिकेंतील मांसल वनस्पतींचे शोकी लोक हिचीं कलमें कुंड्यांतून वाढवितात. त्यांच्या चिठ्ठ्यांवर कोणाकडे एक नांव, कोणाकडे दुसरें. जुन्नरकडे मात्र ती या सबंध काळांत शिंदळ माकुडीच राहिली. देशी नांव फार ढोबळ आणि शास्त्रीय नांव फार चंचल, तेव्हां दोन्ही लिहून ठेवणें हेंच आम्हांस शहाणपणाचें वाटतें. आणि सांगणाऱ्याचें नांवहि तिसऱ्या रकान्यांत असावें.

अंजनेरीच्या फुलाच्या बाबतींत हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाहीं. स्वतंत्र जाति ठरल्यामुळेंच तें या डोंगराचें म्हणून ओळखलें जाऊं लागलें, व डोंगराच्या महत्त्वाची चर्चा निघाली कीं त्याचें नांव पुढें येतें. २०१७ सालीं सरकारनें अंजनेरी संवर्धन-राखीव क्षेत्र जाहीर केलें. परंतु पाऊस सरला कीं फूल संपतें, रोप वाळतें, आणि कंद पुढील मृगापर्यंत जमिनीखालीं पडून राहतो. त्या दिवसांत वरून चालणाऱ्यास पायाखालीं कांहीं आहे अशी शंकाहि येत नाहीं. वणवे याच दिवसांत लागतात, आणि माती उकरण्याचीं कामेंहि याच दिवसांत निघतात.