बँडविड्थचा अंदाज : हिशेब कसा मांडावा

बँडविड्थ म्हणजे नेटवर्कमधून एका सेकंदाला किती माहिती जाऊ शकते, त्याचे माप. गेल्या गणेशोत्सवात मंडळाचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम थेट दाखवताना चित्र सारखे अडकत होते. परगावच्या मुलांनी आणि घरी बसलेल्या ज्येष्ठांनी शेवटी कंटाळून मोबाइल बंद केले. चूक आमचीच, आधी हिशेबच मांडला नव्हता. म्हणून हे टिपण.

मोठ्या प्रणालीचा हिशेब

समजा, एखादी वेबसाइट रोज १० लाख लोक पाहतात, प्रत्येक जण २० पाने उघडतो आणि एक पान सरासरी ५०० किलोबाइटचे आहे.

१. दिवसाची माहिती : २ कोटी पाने × ५०० किलोबाइट = १० टेराबाइट.

२. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केल्यावर सेकंदाला सुमारे ११५.७ मेगाबाइट.

३. फाइल बाइटमध्ये मोजतात, नेटवर्कचा वेग बिटमध्ये. १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून सेकंदाला सुमारे ९२६ मेगाबिट. ही पायरी विसरली की उत्तर आठपटीने चुकते.

४. ही झाली सरासरी. बँकेत आम्ही महिन्याच्या सरासरीवर कॅश काउंटर उघडले असते, तर पगाराच्या दिवशी रांग रस्त्यावर गेली असती. गर्दी तिप्पट धरली तर सुमारे २.८ गिगाबिट. जुन्या नोंदी असतील तर अंदाजाऐवजी त्याच धराव्यात.

५. त्यावर ३० टक्के राखीव : सुमारे ३.६ गिगाबिट.

पानात बहुधा चित्रांचेच वजन जास्त असते. पान निम्म्याने हलके केले की गरजही निम्मी होते.

आपल्या कार्यक्रमाचा हिशेब

७२०पी दर्जाच्या चित्रणाला सेकंदाला साधारण २.५ मेगाबिट लागतात. ४०० घरांना आपणच पाठवायचे म्हटले तर १,००० मेगाबिट हवेत. यूट्यूबकडे एकच चित्रण पाठवले की पुढचे वाटप तेथून होते, सभागृहातून २.५ मेगाबिट पुरतात, दुप्पट असले तर निर्धास्त.

मात्र पुष्कळ इंटरनेट जोडण्यांत माहिती येण्याचा वेग जास्त आणि जाण्याचा कमी असतो. गेल्या वर्षी आम्ही येण्याचा वेग पाहून समाधान मानले, शिवाय प्रेक्षकांनाही तेच वायफाय दिले. यंदा आदल्या संध्याकाळी सभागृहातूनच जाण्याचा वेग मोजू आणि चित्रणासाठी जोडणी वेगळी ठेवू. ज्या सभासदांची मुले या क्षेत्रात आहेत, त्यांनी आकडे तपासून जरूर कळवावे.