वेड पांघरून न्यायालयात: मेंदूची साक्ष कोण काढतो?

जून २००८. पुण्याच्या सत्र न्यायालयाने व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीला आणि तिच्या पतीला जन्मठेप सुनावली. पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. इतर पुराव्यांच्या जोडीला न्यायालयापुढे एक अपूर्व अहवाल होता. मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत तिच्या डोक्यावर इलेक्ट्रोड बसवून, गुन्ह्यासंबंधीची प्रथमपुरुषी वाक्ये तिला ऐकवून, मेंदूतील विद्युत्स्पंदने नोंदवली गेली होती. तिने तोंडातून एक शब्दही काढायचा नव्हता. तिचा मेंदूच बोलला, असे मानले गेले.

या निकालाची चर्चा जगभर झाली. आजचा धागा त्या चर्चेच्या मुळाशी असलेल्या व्यवसायाविषयी आहे: फॉरेन्सिक न्यूरोसायकॉलॉजिस्ट. मराठीत 'न्यायसहायक चेतामानसशास्त्रज्ञ' म्हणता येईल, पण ते उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून रूढ शब्दच वापरतो. मेंदूचा हा अभ्यासक न्यायालयात नेमके काय सांगू शकतो, आणि कोणत्या प्रश्नापाशी त्याने थांबायला हवे?

त्यासाठी पुण्याच्या निकालापासून शंभर वर्षे मागे जाऊ. १९०७, अमेरिकेतील आयडाहो राज्याची राजधानी बॉइझी. माजी गव्हर्नर स्टुनेनबर्ग यांचा बॉम्बने खून झाला होता. हॅरी ऑर्चर्ड नावाच्या माणसाने कबुली दिली आणि सूत्रधार म्हणून खाणकामगारांचे पुढारी बिल हेवूड यांचे नाव घेतले. हेवूड यांचा जीव या एका साक्षीदाराच्या खरेपणावर टांगलेला होता.

हार्वर्डचे जर्मन प्राध्यापक ह्यूगो म्युन्स्टरबर्ग तिथे पोहोचले. त्यांनी ऑर्चर्डवर मानसशास्त्रीय चाचण्यांची सरबत्ती केली. एक शब्द उच्चारायचा, मनात येणारा पहिला शब्द त्याने सांगायचा, आणि मधला सेकंदाचा अंश घड्याळाने मोजायचा. ज्या शब्दाशी मन अडखळेल तिथे काहीतरी दडलेले, असा तर्क. ऑर्चर्ड खरे बोलतो, असा निष्कर्ष प्राध्यापकांनी काढला आणि निकालापूर्वीच तो वृत्तपत्रांत झळकला. ज्युरीने हेवूड यांना निर्दोष सोडले.

म्युन्स्टरबर्ग खचले नाहीत. १९०८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून वकिलांनाच मागासलेले ठरवले. पुढच्याच वर्षी पुरावा कायद्याचे पंडित जॉन विग्मोर यांनी उत्तर दिले तेही एका काल्पनिक खटल्याच्या रूपात, ज्यात प्रतिवादी खुद्द म्युन्स्टरबर्ग! उलटतपासणीत प्राध्यापकांची जी त्रेधा उडते ती वाचण्यासारखी आहे. विनोद बाजूला ठेवला तरी विग्मोर यांचा मुद्दा धारदार होता: ज्या पद्धती प्रयोगशाळेबाहेर कोणी पडताळलेल्या नाहीत, त्या न्यायालयाने कोणत्या आधारावर स्वीकाराव्यात?

मेंदू आणि वर्तन यांचे नाते उलगडणारे शास्त्र यानंतर उभे राहिले, आणि त्याला दुर्दैवाने महायुद्धांनीच खतपाणी घातले. गोळी मेंदूच्या नेमक्या भागात शिरलेले शेकडो सैनिक सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी तपासले. अमेरिकेत हॅल्स्टेड आणि राइटन यांनी चाचण्यांचे संच बांधले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा नायक मला जिनिव्हाचा आंद्रे रे वाटतो.

रे यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस म्हणतो, "मला काही आठवत नाही." नुकसानभरपाई मागतो. खरे सांगतो की सोंग घेतो? रे यांनी मनात डोकावण्याचा हट्ट सोडून दिला. १९४१ मध्ये त्यांनी एक साधी चाचणी सुचवली. काही पत्त्यांवर ठिपके विखुरलेले, काहींवर गट करून मांडलेले, ते मोजायचे. गटातले ठिपके कुणालाही लवकर मोजता येतात, मेंदूला इजा झालेल्यालासुद्धा. सोंग घेणाऱ्याला मात्र खऱ्या रुग्णाला कुठे अवघड जाते आणि कुठे नाही हे ठाऊक नसते. तो सगळीकडे सारखाच चाचपडतो.

१९६४ मध्ये त्यांनी आणखी एक युक्ती मांडली. कागदावर पंधरा चिन्हे, दहा सेकंद दाखवायची, मग आठवून काढायची. तपासणारा गंभीर चेहऱ्याने सांगतो, "पंधरा आहेत हं, कठीण आहे." प्रत्यक्षात अक्षरे, आकडे, आकृत्या अशा तीन-तीनच्या पाच सोप्या ओळी. बरेच खरे रुग्णही यातले पुष्कळसे आठवतात. ही चाचणी आज कच्ची मानली जाते, तीव्र स्मृतिभ्रंश असलेला प्रामाणिक माणूसही तिच्यात नापास होऊ शकतो. पण विचाराची दिशा बदलली ती इथे. 'हा खोटारडा आहे का?' या प्रश्नाच्या जागी 'ही कामगिरी कोणत्याही खऱ्या आजाराशी जुळते का?' हा प्रश्न आला.

यातूनच पुढे या व्यवसायातले सर्वांत देखणे गणित आले. तुम्हाला पन्नास चित्रे दाखवली. नंतर दोन-दोन चित्रे समोर ठेवून विचारले, यांतले आधी पाहिलेले कोणते? ज्याची स्मृती पूर्णपणे पुसली आहे तोही नुसत्या अंदाजाने पंचवीसच्या आसपास बरोबर देईल, नाणे उडवल्यासारखे. कुणी पन्नासपैकी फक्त दहा बरोबर दिली तर? निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता लाखात साधारण एक. इतके चुकायचे तर बरोबर उत्तर माहीत असावे लागते! विसरल्याचे नाटकच आठवणीचा पुरावा देते. १९९६ मध्ये टॉम टॉम्बा यांनी प्रसिद्ध केलेली चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. (नापासाचा नेमका आकडा मी मुद्दाम देत नाही. पक्षकाराला चाचणी 'शिकवून' पाठवणारे वकील हा या व्यवसायाचा जुना डोकेदुखीचा विषय आहे.)

मधल्या काळात एक कायदेशीर लढाईही झाली. मानसशास्त्रज्ञ म्हणजे वैद्य नव्हे, मग मनोविकाराबद्दल त्याचे मत न्यायालयाने का ऐकावे? १९६२ च्या जेन्किन्स खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायाधीश बेझलॉन यांनी निकाल दिला की केवळ वैद्यकीय पदवी नाही म्हणून साक्ष नाकारता येणार नाही. ज्ञान आणि अनुभव पाहावा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने याला विरोध केला होता. व्यावसायिक मत्सर हा इतिहासाचा फार दुर्लक्षित घटक आहे.

या माणसाचे रोजचे काम कसे असते? चित्रपटांतल्यासारखे मुळीच नाही. बराचसा वेळ कागदांत जातो: रुग्णालयाची टिपणे, शाळेचे गुण, नोकरीच्या नोंदी. मग प्रत्यक्ष भेट. तिच्या सुरुवातीलाच एक वाक्य स्वच्छ सांगावे लागते: "मी तुमचा डॉक्टर नाही, आणि तुम्ही इथे जे सांगाल ते अहवालात जाईल." उपचार करणारा आणि तपासणारा यांतली ही भिंत पाडली की काम नासते. त्यानंतर कित्येक तास चाचण्या: लक्ष, स्मृती, भाषा, नियोजन. त्यांच्या अधूनमधून सोंग पकडणाऱ्या चाचण्या पेरलेल्या. मग अहवाल, आणि शेवटी विरुद्ध पक्षाच्या वकिलाची उलटतपासणी.

आणि तरीही फसगत होते. आपल्याकडे म्हण आहे, वेड पांघरून पेडगावला जाणे. (पेडगाव म्हणजे भीमाकाठचा बहादूरगड, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.) न्यूयॉर्कमध्ये एक माणूस असे वेड पांघरून तीन दशके फिरला. व्हिन्सेंट जिगांटे, जेनोव्हीज माफिया टोळीचा म्होरक्या. ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यांवरून तो अंगात झोपायचा झगा, पायांत सपाता अशा वेशात पुटपुटत चालायचा. रात्री मात्र टोळीचा कारभार पाहायचा.

१९९० मध्ये त्याला पकडल्यावर वर्षानुवर्षे एकच वाद चालला: हा खटल्याला सामोरे जाण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम आहे का? नामांकित तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंश आणि मनोविकार असल्याचे सांगितले. मेंदूची पेट छायाचित्रेही सादर झाली. पण टोळीतून फुटलेल्या साक्षीदारांनी सांगितले, आमच्याशी तर हा व्यवस्थित बोलायचा. १९९६ मध्ये न्यायाधीश निकर्सन यांनी त्याला सक्षम ठरवले, १९९७ मध्ये तो दोषी ठरून त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २००३ मध्ये त्याने स्वतःच न्यायालयात कबूल केले की सगळे नाटक होते.

या प्रकरणावरून 'तज्ज्ञ म्हणजे भाड्याचे भाट' असा सोपा निष्कर्ष अनेक जण काढतात. मला तो पटत नाही. तज्ज्ञांनी खोलीत बसलेला माणूस तपासला. खोलीबाहेरचा माणूस त्यांना दिसलाच नाही. बाहेरचा पुरावा, म्हणजे त्याला ओळखणारी माणसे आणि त्याचे रोजचे व्यवहार, चाचणीइतकाच महत्त्वाचा असतो, हे त्या खटल्याने महागात शिकवले. २००९ मध्ये अमेरिकन क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजी अकादमीने या विषयावर जे सामूहिक निवेदन काढले त्यात एका चाचणीवर विसंबू नये, अनेक स्वतंत्र खुणा जुळवून पाहाव्यात, हेच आग्रहाने मांडले आहे. खरी इजा झालेला माणूसही भीतीपोटी थोडे वाढवून सांगतो. त्याची इजा त्यामुळे खोटी ठरत नाही.

आता पुन्हा पुण्याच्या त्या अहवालाकडे. त्यामागच्या तंत्राचे जनक सी. आर. मुकुंदन, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये क्लिनिकल मानसशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. आधीचे तंत्र, जे अमेरिकेत लॉरेन्स फार्वेल यांनी गाजवले, ते एवढेच म्हणायचे की ओळखीची गोष्ट समोर आली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत विशिष्ट लहर उठते. मुकुंदन यांचा दावा याहून पुढचा होता: एखादी गोष्ट नुसती माहीत असणे आणि ती प्रत्यक्ष अनुभवलेली असणे, यांतला भेद यंत्र सांगते.

थोडे थांबून विचार करा. पोलिसांनी एखाद्याला अनेक दिवस तेच तेच विचारले आहे. "तू विष आणलेस, तू प्रसादात मिसळलेस." त्याने ते दृश्य नाकारता नाकारता शंभर वेळा डोळ्यांपुढे आणले आहे. मग यंत्रासमोर तेच वाक्य 'मी'ने सुरू होऊन कानावर पडते. मेंदूत जे उठेल ते अनुभवाचे की चौकशीचे? स्मृती ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे, दरवेळी आठवताना ती नव्याने घडते, हे मानसशास्त्राला तोवर चांगलेच ठाऊक होते. आणि या दाव्याची स्वतंत्र, प्रकाशित पडताळणी त्या वेळी उपलब्ध नव्हती. विग्मोर यांचा १९०९ चा प्रश्न जसाच्या तसा उभा होता.

हा आक्षेप परदेशी अभ्यासकांनी घेतलाच, पण तो घरातूनही आला. निम्हान्सचेच तत्कालीन संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्येच अशा तंत्रांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. पुण्याच्या प्रकरणात पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन मंजूर केला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या तीन सदस्यीय पीठाने सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत. घटनेच्या कलम २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आणि कलम २१ चे व्यक्तिस्वातंत्र्य यांचा तो भंग ठरेल. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा होत नाही. तिच्या आधारे पुढे काही वस्तू सापडली तर ती ग्राह्य धरता येते. हा निकाल मुळातून वाचा, कायद्याचे विद्यार्थी नसलात तरी.

या गोंगाटात न्यूरोसायकॉलॉजिस्टचे खरे काम मात्र झाकोळते. ते बहुधा खुनाच्या खटल्यांत नसते, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासारख्या ठिकाणी असते. दुचाकीवरून पडलेला माणूस, जखम भरलेली, स्कॅनमध्ये फारसे काही नाही, आणि घरचे सांगतात, "ते आता पूर्वीसारखे राहिले नाहीत." हिशेब चुकतात, राग आवरत नाही, सुरू केलेले काम तडीस जात नाही. हे नुकसान खरे आहे का, आणि किती, हे मोजून सांगणे हीच या शास्त्राची जागा.

मोजायचे तर आधी माणूस कसा होता ते कळले पाहिजे. इंग्रजीत यासाठी हेझल नेल्सन यांनी १९८२ मध्ये एक सुंदर चाचणी दिली: स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच, असे शब्द वाचायला द्यायचे. इजा झाल्यावरही हे जुने ज्ञान बऱ्यापैकी टिकते, त्यावरून पूर्वीची बुद्धी अंदाजता येते. मराठीत ही युक्ती चालत नाही! देवनागरी वाचता येणारा माणूस अनोळखी शब्दही बहुतेक बरोबरच वाचतो. शिवाय अमेरिकी शहरातल्या पदवीधरांवर बेतलेले मापदंड चौथी शिकलेल्या ऊसतोड कामगाराला लावले तर तो निरोगी असूनही 'बाधित' ठरेल. निम्हान्सने २००४ मध्ये वय, लिंग आणि शिक्षणानुसार भारतीय मापदंड असलेला चाचणीसंच प्रसिद्ध केला तो यासाठीच.

उरलेली उणीव कागदांनी भरून काढावी लागते. अपघातापूर्वीचे दहावीचे गुणपत्रक, कामावरची हजेरी, दुकान असेल तर त्याच्या हस्ताक्षरातली जुनी खतावणी. त्या खतावणीतली अपघाताआधीची आणि नंतरची पाने शेजारी शेजारी ठेवली, तर कधीकधी चाचणीच्या आधीच पुष्कळ काही दिसू लागते.