नेपथ्य की नियम? : व्हिडिओ गेममधील वातावरण आणि मराठी समीक्षेची परिभाषा

कथा-कादंबरीच्या मराठी समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' ही संज्ञा दीर्घकाळ रूढ आहे. तथापि तिला स्वतंत्र सैद्धांतिक प्रतिष्ठा क्वचितच लाभली. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली अशी घटकांची जी यादी आपल्या विद्यापीठीय अध्यापनात स्थिरावली, तिच्यात वातावरणाकडे कथानकाला पोषक होण्याचे दुय्यम कार्य आले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत वातावरण वजा केले तर कथाच उरत नाही. असे असूनही या कथांची चर्चा बहुधा 'वातावरण चांगले साधले आहे' एवढ्या शेऱ्यावर थांबते. ज्या घटकावर संपूर्ण साहित्यप्रकार उभा आहे, त्या घटकाची मीमांसा करणारी परिभाषाच आपल्याकडे तयार नव्हती, हे यामागचे एक कारण असावे.

ही उणीव गेल्या अर्धशतकात घडलेल्या व्हिडिओ गेम या कलाप्रकारासमोर अधिक ठळक होते. या प्रकाराचा इतिहास पाहता वातावरण हे तेथे कृतीमागे लावलेले नेपथ्य राहत नाही. खेळणाऱ्याने काय करावे, काय करू नये आणि चुकल्यास काय गमवावे, हे ठरविणारा नियम म्हणून ते वावरते. हे प्रतिपादन मान्य केल्यास आपल्या जुन्या घटक-यादीचीही फेरतपासणी करावी लागेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

नियमरूप वातावरण म्हणजे काय, हे स्पष्ट करण्यासाठी संगणकाकडे वळण्यापूर्वी छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या देवगिरीच्या किल्ल्याचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने आपली राजधानी येथे हलविली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. किल्ल्याच्या मुख्य टेकडीचा कडा सर्व बाजूंनी तासून उभा केलेला आहे व त्याभोवती खंदक आहे. खंदक ओलांडल्यावर वर जाण्याची वाट खडकात कोरलेल्या एका काळोख्या, वळणावळणाच्या भुयारातून जाते. हीच 'अंधारी'. तिच्या पायऱ्या उंचीला सारख्या नाहीत. तिच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर व धग आत कोंडण्याची सोय होती. वाटेत एके ठिकाणी उजेड दिसतो. त्या उजेडाच्या ओढीने जाणारा शत्रू खंदकात कोसळत असे, असे वाटाडे सांगतात. या सांगण्यातील ऐतिहासिक तथ्याचा निवाडा बाजूला ठेवला तरी रचनेमागील तत्त्व स्पष्ट आहे. येथे काळोख हा भीतीचा केवळ सूचक नाही. तो चालणाऱ्याचा वेग कमी करतो, त्याच्या पावलावरचा विश्वास काढून घेतो आणि उजेडाविषयीची त्याची सहजप्रवृत्तीच त्याच्याविरुद्ध वापरतो. अंधारीचे वर्णन वाचणारा तिच्या 'वातावरणा'विषयी बोलू शकेल. तिच्यातून चालणाऱ्याला मात्र ते वातावरण पाळावे लागते.

वर्णन आणि पालन यांतील हे अंतर व्हिडिओ गेमच्या इतिहासात आरंभापासून दिसते. विशेष म्हणजे त्याच्या एका महत्त्वाच्या प्रारंभबिंदूशी भुयारच आहे आणि तेही केवळ शब्दांनी रचलेले. अमेरिकन प्रोग्रॅमर विल क्राउदर हा गुहांचा हौशी संशोधक होता. केंटकीतील मॅमथ केव्ह या गुहासमूहाच्या सर्वेक्षणाचा त्याला प्रत्यक्ष अनुभव होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्याने 'अ‍ॅडव्हेंचर' हा चित्रविरहित खेळ लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्याचा विस्तार केला. पडद्यावर एखाद्या दालनाचे चार ओळींचे वर्णन उमटते. खेळणारा एक-दोन शब्दांची आज्ञा टंकतो. पुढचे दालन उघडते. दिव्याशिवाय अंधारात पुढे गेल्यास खड्ड्यात पडून मरण येऊ शकते आणि विस्तारित आवृत्तीत दिव्याची बॅटरीही संपणारी आहे. एका चक्रव्यूहात तर प्रत्येक दालनाचे वर्णन शब्दशः सारखेच येते. आपण कोठे आहोत हे ओळखण्यासाठी खेळणाऱ्याला हातातील वस्तू एकेका ठिकाणी टाकून खुणा कराव्या लागतात. कादंबरीत जी पुनरुक्ती शैलीचा दोष किंवा लय ठरली असती, ती येथे वाट चुकविणारी भिंत होते. एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात, वाचकाला वाट काढण्यासाठी श्रम करावे लागतात अशा संहितांचा जो स्वतंत्र वर्ग मांडला, त्यात या खेळाला महत्त्वाचे स्थान मिळाले ते यामुळेच.

पुढील टप्प्यांवर आणखी एक बाब लक्षात येते. या माध्यमातील वातावरणाचे अनेक गाजलेले परिणाम साधनांच्या विपुलतेतून आले नाहीत. ते यंत्राच्या मर्यादेतून निघाले. जपानी कंपनी टाइटोसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चे (१९७८) उदाहरण प्रसिद्ध आहे. शत्रूंची रांग जितकी विरळ होई, तितका यंत्रावरील चित्रांचा भार हलका होऊन उरलेले शत्रू अधिक वेगाने सरकत. निशिकादो यांनी हा परिणाम दुरुस्त न करता राखला. चार खर्ज स्वरांची एक आवर्तनी त्यासोबत द्रुत होत जाते आणि खेळणाऱ्याच्या यशातूनच त्याची घालमेल वाढते. जॉर्डन मेकनर यांच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त (१९८९) नवे पात्र घालण्याइतकी स्मृती अ‍ॅपल टू या संगणकात उरली नव्हती. तेव्हा नायकाच्याच आकृतीचे रूप पालटून त्याची छायाकृती प्रतिस्पर्धी म्हणून उभी करण्यात आली. साठ मिनिटांच्या मुदतीत, बव्हंशी निःशब्द तळघरांतून धावणाऱ्या नायकासमोर अखेर तोच उभा राहतो. कोनामीच्या 'सायलेंट हिल'मध्ये (१९९९) प्लेस्टेशनला दूरचा परिसर रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून गावावर दाट धुके पसरले. त्या धुक्यात जवळ आलेल्या संकटाची चाहूल खिशातील रेडिओच्या खरखरीवरून लागते. येथे ध्वनी हा पार्श्वसंगीत न राहता माहिती होतो. ती ऐकून वळायचे की थांबायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

या तिन्ही उदाहरणांत वातावरण 'घातलेले' नाही. ते काढून घेतल्यास खेळाची शोभा उणावणार नाही, खेळच बदलेल. कथनात्मक वास्तुरचना या अंगाने गेमचा विचार करणाऱ्या हेन्री जेंकिन्स यांच्या २००४ मधील निबंधाने, गेममधील कथा प्रसंगांच्या साखळीपेक्षा अवकाशाच्या मांडणीत साठविलेली असते, या मुद्द्याकडे लक्ष वेधले. परंतु अवकाशात कथा साठविलेली असणे आणि अवकाशाने कृतीला बांधून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत खेळणारा अद्याप वाचकच असतो. दुसरीचा विचार करण्यासाठी भारतीय काव्यशास्त्राकडे वळणे अप्रस्तुत ठरणार नाही.

भरतप्रणीत रसप्रक्रियेतील विभावाचे उत्तरकालीन परंपरेने आलंबन आणि उद्दीपन असे दोन भेद केले. भयानक रसात ज्याच्यामुळे भय उपजते ते आलंबन. निर्जन अरण्य, रात्र, घुबडाचा घूत्कार ही उद्दीपने. मराठी समीक्षेतील 'पोषक वातावरण' ही कल्पना, कळत-नकळत, या उद्दीपन विभावाचीच वारसदार दिसते. व्हिडिओ गेममध्ये ही विभागणी टिकत नाही. 'अ‍ॅडव्हेंचर'मधील काळोख भयाचे उद्दीपन करतो आणि मारतोही. उद्दीपनच आलंबनाच्या जागी येते.

याहून कठीण प्रश्न साधारणीकरणाचा आहे. अभिनवगुप्तांच्या विवेचनात रंगभूमीवरील भय 'मला भय आहे' किंवा 'त्याला भय आहे' अशा व्यक्तिसंबंधातून मुक्त झाल्यावरच आस्वाद्य होते. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे तर रसविघ्न. आता गेम खेळणारे मराठी मूल पडद्यावरील आकृती कोसळताच काय म्हणते, ते पाहावे. 'तो मेला' असे ते म्हणत नाही. 'मी मेलो' असे म्हणते, आणि लगेच पुन्हा सुरुवात करते. व्यक्तिसंबंध येथे सुटलेला नाही, उलट घट्ट झाला आहे. तरीही जो अनुभव मिळतो तो निव्वळ लौकिक भय नव्हे, कारण मरण येथे परत घेता येते. रसविघ्नच आस्वादाची अट होऊन बसल्यासारखे हे आहे. पारंपरिक सिद्धांत यामुळे बाद होतो असे नाही. मात्र प्रेक्षकाच्या जागी कर्ता आला की तटस्थतेचे काय होते, हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो. पुनरावृत्तीने येणारी सराईतता हे त्याचे एक संभाव्य उत्तर आहे. दहाव्यांदा त्याच भुयारातून जाणारा खेळाडू भ्यायलेलाही असतो आणि भयाची रचना न्याहाळतही असतो.

आस्वादाचा विचार करताना खेळ कोठे व कसा खेळला गेला, हेही विसरून चालत नाही. १९९० च्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घरांत हा प्रकार मुख्यतः 'टीव्ही गेम' म्हणून आला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकला घरच्या दूरदर्शन संचाला जोडल्या जात आणि 'कॅसेट' बदलून 'मारिओ' किंवा 'काँट्रा' खेळले जाई. घरातील एकुलता एक संच, त्यावर मोठ्यांचा हक्क, परीक्षेचे दिवस आणि दोन भावंडांत वाटून घेतलेली पाळी अशा बंधनांत हा अनुभव घडला. नंतर सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळणे आले. २००० नंतरच्या दशकात मराठवाड्याने दीर्घ भारनियमन सोसले; खेळ मध्येच अंधारात बुडणे हा त्या पिढीच्या आस्वादाचा भाग होता. निर्मात्याने रचलेले वातावरण आणि खेळणाऱ्याच्या भोवतालचे वातावरण यांच्या या संयोगाचा इतिहास कोणत्याही परदेशी ग्रंथात सापडणार नाही. तो येथेच लिहावा लागेल.

निर्मितीच्या बाजूने पाहता पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) हा या चर्चेस सर्वांत उपयुक्त असा महाराष्ट्रातील खेळ होय. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेणारी राजी ही कसरतपटू मुलगी त्याची नायिका आहे. त्यातील वास्तूंना राजस्थानी स्थापत्याची, भित्तिचित्रांना पहाडी शैलीची आणि कथाप्रसंगांना बालीच्या छायाबाहुल्यांची प्रेरणा आहे. मूळ आवृत्तीतील निवेदन इंग्रजीत असून ते दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडी आहे. राजी खांबाला वळसा घालून, भिंतीवर धावत शत्रूवर झेप घेते, तेव्हा वास्तू तिच्या कृतीचे व्याकरण होते. चित्राची वर्तुळे फिरवून जुळविताना भावंडांच्या आठवणी उलगडतात, तेव्हा चित्रही कृतीत सामील होते. याउलट भित्तिचित्रापाशी थांबून देवतांचे निवेदन ऐकताना खेळणारा पुन्हा प्रेक्षक होतो आणि वातावरण नेपथ्याकडे परतते. एकाच खेळात ही दोन्ही रूपे शेजारी असल्याने प्रस्तुत भेद तपासण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

पुण्यात घडलेल्या खेळाने राजस्थान आणि बाली यांची निवड करावी, यात तक्रारीचे कारण नाही. कलावंताला प्रदेशाची सक्ती करता येत नाही. तरीही सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी व चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा आजवर जपली आहे आणि त्या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ही वस्तुस्थिती या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. उद्या एखाद्या खेळात अजिंठा, वेरूळ किंवा देवगिरी येतीलच. त्या वेळी कोरीव खांबांची छायाचित्रे पडद्यामागे लावली, एवढ्यावर मराठी समीक्षक समाधानी होणार काय? अंधारीची असमान पायरी, उजेडाचा फसवा कोपरा, कैलास लेण्याचे वरून खाली कोरत जाणे ही त्या स्थळांची खरी व्याकरणे आहेत. ती खेळाच्या नियमांत उतरली की नाही, हे विचारण्याची तयारी समीक्षेने आधी करायला हवी.

ही तयारी दोन पातळ्यांवर हवी. पहिली परिभाषेची. 'वातावरणनिर्मिती' या संज्ञेत वर्णित वातावरण आणि पालनीय वातावरण असा भेद केल्यास तो गेमपुरता मर्यादित राहणार नाही. धारप-मतकरींच्या कथांत वाचकाला काय 'पाळावे' लागते, कोणती माहिती रोखून धरून त्याचा वेग मंद केला जातो, हेही त्यामुळे नव्याने विचारता येईल. दुसरी पातळी साधनसंग्रहाची. कागदावरील संहिता शतकभर टिकते. खेळाची संहिता ते चालविणारे यंत्र नाहीसे होताच मुकी होते. २०२० च्या अखेरीस फ्लॅश या तंत्राचा आधार संपला, तेव्हा ब्राउझरमध्ये खेळले जाणारे असंख्य छोटे खेळ मूळ जागी चालेनासे झाले. आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या कॅसेटी तर भंगारातच गेल्या आहेत. त्या खेळणारी पिढी आज मध्यमवयाच्या उंबरठ्यावर असून तिच्या आठवणी अद्याप नोंदविता येण्याजोग्या आहेत. मराठी विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या मौखिक साधनांची नोंद प्रबंधविषय म्हणून हाती घेतली, तर 'मी मेलो' या उद्गारात दडलेल्या आस्वादप्रक्रियेचा पुरावा तरी हाती राहील. तो नसताना केलेली सिद्धांतचर्चा पुन्हा त्या जुन्या शेऱ्यापाशीच येऊन थांबेल.