डोंगरावरचा ड्यूक आणि त्याच्या पाठीमागची वाट

आज हेडफोन लावा आणि चालायला निघू. जायचंय स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेसच्या पुढे रस्त्यानं ऐंशीएक किलोमीटर. समुद्राकाठी गॉल्स्पी नावाचं छोटं गाव आहे. गावामागे बेन व्रॅगी हा डोंगर, उंची फक्त ३९७ मीटर. गावातून निघायचं, रेल्वेच्या पुलाखालून जायचं, जंगलातून चढायचं, माथा गाठायचा, पलीकडे उतरून वळसा घ्यायचा आणि ओढ्याकाठच्या घळीतून परत गावात. अर्ध्या दिवसाचं काम.

मग हा इतिहासाचा एपिसोड कसा? कारण माथ्यावर एक माणूस उभा आहे. दगडाचा. चौथऱ्यासकट सुमारे १०० फूट उंच. आसपासच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलंय 'मॅनी', म्हणजे छोटासा माणूस. हे नाव प्रेमाचं की टोमण्याचं, ते तुम्हीच ठरवा.

हा आहे सदरलंडचा पहिला ड्यूक, जॉर्ज ग्रॅनव्हिल लेव्हसन-गॉवर. गंमत बघा, गडी मूळचा इंग्रज. सदरलंडची जहागीर त्याची नव्हतीच, ती बायकोची, काउंटेस एलिझाबेथची. १७८५ मध्ये लग्न झालं. पैसा मात्र याच्याकडे प्रचंड, त्यात मामाकडून आलेल्या कालव्याचं उत्पन्न. पुढे या घराण्याकडे दहा लाख एकरांहून जास्त जमीन झाली. ड्यूक ही पदवी त्याला १८३३ च्या जानेवारीत मिळाली आणि जुलैत तो वारला. जेमतेम सहा महिन्यांचा ड्यूक! पण पुतळा १८३७ पासून तिथे आहे.

आता कुळांकडे वळू. आतल्या खोऱ्यांमध्ये गेलिक बोलणारी माणसं राहायची. थोडं ओट, थोडं बार्ली, काळी गुरं, मातीची आणि दगडाची घरं. जमिनीचे कागद हातात नव्हते, पण आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे आहोत, तर जमीन आपलीच, असा त्यांचा पक्का समज. १७९९-१८०० मध्ये काउंटेसच्या नावानं ९३वी हायलँडर पलटण उभी राहिली, तेव्हा याच घरांतली पोरं भरती झाली. मुलगा फौजेत गेला म्हणजे जमिनीला धोका नाही, असं लोकांना वाटलं. (हीच पलटण पुढे १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत लढली. पण तो वेगळा एपिसोड.)

मग मेंढी आली. दक्षिणेची शेव्हियट मेंढी. एका मोठ्या मेंढपाळाला अख्खं खोरं भाड्यानं दिलं तर कुळांच्या खंडापेक्षा कितीतरी जास्त पैसा मिळायचा. जहागिरीनं हिशेब केला : माणसं किनाऱ्यावर हलवा, डोंगर मेंढ्यांना द्या. किनाऱ्यावर दोन-तीन एकरांचे तुकडे दिले. मुद्दाम छोटे! शेतीवर पोट भरूच नये, झक मारत मासेमारी करावी, म्हणून. ज्यांनी आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नव्हता, त्यांना.

१८१४. स्ट्रॅथनेव्हरचं खोरं. पॅट्रिक सेलर हा जहागिरीचा कारभारी आणि त्याच खोऱ्यातली जमीन मेंढ्यांसाठी भाड्यानं घेणाराही तोच. म्हणजे घरं रिकामी करणारा आणि रिकाम्या जमिनीवर कमावणारा, एकच माणूस! लोक परतू नयेत म्हणून छपरांचे वासे जाळले. त्या मुलखात लाकूड दुर्मिळ, वासा गेला की घर गेलं. एका घरातली म्हातारी, वय शंभरीच्या आसपास, घर पेटल्यावर बाहेर काढली आणि पाच दिवसांनी गेली. १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला. ज्यूरीत बहुतेक जमीनवाले. सेलर निर्दोष सुटला. मोहीम थांबली नाही.

१८१९ मध्ये पुन्हा आगी लागल्या. डोनाल्ड मॅक्लिऑड नावाचा गवंडी तिथलाच. त्यानं नंतर लिहिलं, की रात्री तो एका उंचवट्यावर चढला आणि जळणारी घरं मोजली. अडीचशे. किती माणसं हलवली यावर इतिहासकारांचे वाद आहेत. १५,००० हा आकडा मार्क्सनं वापरला होता. हो, तोच कार्ल मार्क्स! १८५३ मध्ये पुढच्या डचेसनं अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा यानं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात तिच्या घराण्याचा हा सगळा हिशेब मांडला.

दुसरी बाजूही सांगतो. जहागिरीनं रस्ते, पूल, बंदरं बांधली. शेजारच्या ब्रोरा गावात १८१९ मध्ये डिस्टिलरी काढली. हेल्म्सडेलचं बंदर हेरिंग माशावर भरभराटीला आलं. पैसा खरोखर ओतला होता. पण ज्याचं घर गेलं त्याला कुणी विचारलं होतं का? माझं मत तिथेच अडतं.

पुतळ्यावरचा मजकूर सांगतो, की हे स्मारक कृतज्ञ कुळांनी उभारलं. मॅक्लिऑडचं म्हणणं वेगळं : ज्यांच्याकडे शिलिंग होतं त्यांनी दिलं आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते आता काय होईल या भीतीत राहिले.

आता माथ्यावर उभे राहा. ड्यूकचं तोंड समुद्राकडे. खाली गॉल्स्पी, थोडं पुढे त्याच्या घराण्याचा डनरॉबिनचा वाडा, १८९ खोल्यांचा. गावातून पाहिलं तर एवढंच चित्र दिसतं. पण वाट गोल आहे, त्यामुळे आपल्याला पुतळ्याच्या पाठीमागून जावं लागतं. तिथून उघडा माळ पसरत जातो. स्ट्रॅथनेव्हर इथून दिसत नाही, ते पार उत्तरेला आहे. पण दिशा तीच. पोस्टकार्डांवर ही बाजू क्वचितच येते.

हा पुतळा पाडायची मागणी १९९० च्या दशकात झाली. मान्य झाली नाही. पुढे कुणीतरी चौथऱ्याचे दगडही उपसले. पुतळा अजून तिथेच आहे.

आणि जमलं तर गाडीनं अर्ध्या तासावरच्या हेल्म्सडेलला जा. १८१३ मध्ये किल्डोननच्या खोऱ्यातली काही कुटुंबं थेट कॅनडाला गेली होती. त्यांची आठवण म्हणून २००७ मध्ये तिथे एक शिल्प बसवलं. तसंच दुसरं कॅनडात विनिपेगला आहे. बाप पुढे बघतोय, मुलगा बापाकडे. बाळ कडेवर घेतलेली आई मात्र मान वळवून मागे, खोऱ्याकडे बघतेय.