सासुरवाशिणीचा नवस

तुळजापूरची भवानी ही नांदेड-लातूरकडील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी होय. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३-१५९९) भवानीला उद्देशून एक भारूड रचले आहे. त्यातील सासुरवाशीण देवीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरा, सासू, जाऊ, फार काय, दादल्यापासूनही सुटका मागते. आपण एकटीने उरावे, एवढीच तिची इच्छा. अध्यात्माच्या परिभाषेत ही नाती म्हणजे जिवाची बंधने, हे खरे. परंतु ऐकणाऱ्या बायकांना प्रथम दिसते ते आपलेच घर, आणि हसू फुटते.

त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडात शेक्सपिअरने कजाग बायकोला वठणीवर आणणाऱ्या नवऱ्याचे विनोदी नाटक लिहिले. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे 'त्राटिका' हे मराठी रूपांतर केले. तेथे स्त्री नमते आणि प्रेक्षक हसतात. भारुडात ती नमत नाही, तरीही श्रोते हसतात, आणि तेही तिच्या बाजूने.

सोंग मात्र दोन्हीकडे पुरुषाचेच. इंग्रजी रंगभूमीवर १६६० पर्यंत स्त्रियांची कामे मुलगेच करीत. भारुडातही पुरुषच लुगडे नेसून उभा राही. तथापि, घरात जे बोलण्याची सुनेला सोय नव्हती, ते तिला चव्हाट्यावर निदान हसत हसत ऐकता आले.