प्रिंटरची भाषा कोणाची? : लिनक्सवरील प्रिंटर-ड्रायव्हरच्या समस्येचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
लिनक्स संगणकाला प्रिंटर जोडावा, छपाईची आज्ञा द्यावी आणि कोरा कागद अथवा निरर्थक चिन्हांनी भरलेली पाने बाहेर यावीत, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. अशा वेळी दोष सहसा लिनक्सच्या माथी मारला जातो. प्रस्तुत लेखात या समस्येचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, तिचे मूळ लिनक्सच्या दुबळेपणात नसून प्रिंटरविषयीचे ज्ञान खुले ठेवावे की गुप्त, या वादात आहे, असे प्रतिपादन केले आहे.

पार्श्वभूमी :
या वादाचा आरंभ लिनक्सच्याही आधीचा आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. पूर्वीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारणा केली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना येत असे. नव्या प्रिंटरची मूळ संहिता मात्र उपलब्ध नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ती होती, त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागील प्रेरणांमध्ये या प्रसंगाचा त्यांनी पुढे वारंवार उल्लेख केला आहे.

भाषांची विविधता :
ड्रायव्हर हा संगणक व प्रिंटर यांच्यामधील दुभाषा होय. १९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आली. युनिक्सच्या जगात तीच छपाईची सर्वसामान्य भाषा ठरली. परंतु ती समजणारे प्रिंटर महाग होते. १९८८ मध्ये पीटर डॉइश यांनी घोस्टस्क्रिप्ट ही आज्ञावली उपलब्ध करून दिली. तिच्यामुळे पोस्टस्क्रिप्टमधील पृष्ठाचे रूपांतर संगणकावरच होऊन ते साध्या प्रिंटरकडे पाठविणे शक्य झाले. हे रूपांतर न होता पोस्टस्क्रिप्टची संहिता जशीच्या तशी साध्या प्रिंटरकडे गेली, की तो ती सामान्य मजकूर समजून छापतो. निरर्थक पानांचे हे एक प्रमुख कारण होय.

१९९१ मध्ये लिनक्सचा उदय झाला. त्याच दशकात स्वस्त प्रिंटरमधील प्रक्रिया करणारा भाग कमी करून ते काम विंडोज संगणकावर सोपविण्याची प्रथा रूढ झाली. अशा अनेक प्रिंटरची भाषा उत्पादकांनी प्रसिद्ध केली नाही. परिणामी स्वयंसेवकांना संगणकाकडून प्रिंटरकडे जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून ती उलगडावी लागली. काही उत्पादकांनी लिनक्ससाठी ड्रायव्हर दिले, पण मूळ संहितेविना. त्यामुळे संगणकाचा प्रोसेसर वा प्रणालीची आवृत्ती बदलली, की ते निरुपयोगी ठरण्याचा धोका राहिला.

समान मानकाकडे वाटचाल :
१९९९ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी आयपीपी हा इंटरनेट मुद्रणाचा शिष्टाचार प्रसिद्ध झाला आणि त्यावर आधारलेली, मायकेल स्वीट यांनी विकसित केलेली कप्स ही मुद्रणप्रणाली उपलब्ध झाली. २००२ मध्ये अ‍ॅपलने ती मॅक प्रणालीत स्वीकारली आणि २००७ मध्ये तिची मूळ संहिता विकत घेतली. २०१० मध्ये अ‍ॅपलचे एअरप्रिंट व २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक आले. प्रिंटर आपली क्षमता स्वतःच सांगू लागल्याने अशा प्रिंटरसाठी स्वतंत्र ड्रायव्हरची गरज उरली नाही. स्वीट यांनी २०१९ च्या अखेरीस अ‍ॅपल सोडल्यानंतर कप्सचा पुढील विकास ओपनप्रिंटिंग या प्रकल्पात सुरू झाला.

दोषनिदानाची दिशा :
हा इतिहास ध्यानात घेतल्यास दोषनिदानाचा क्रमही स्पष्ट होतो. छपाईचे काम रांगेत पोहोचले का, ते प्रथम पाहावे. त्यासाठी एलपीस्टॅट ही आज्ञा आहे. नंतर कप्सची त्रुटी-नोंद वाचावी. रूपांतराच्या टप्प्यावर अडथळा असल्यास बहुधा ड्रायव्हर चुकीचा वा अपुरा असतो. प्रिंटरपर्यंत काहीच पोहोचत नसल्यास जोडणी तपासावी. प्रिंटर आयपीपी मानक पाळणारा असल्यास उत्पादकाचा ड्रायव्हर शोधण्याऐवजी ड्रायव्हरविरहित पद्धतीनेच तो जोडून पाहावा.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ज्या प्रिंटरची भाषा खुली होती, त्यांची सेवा उत्पादकाने लक्ष काढून घेतल्यावरही चालू राहू शकली. ज्यांची भाषा गुप्त राहिली, त्यांतील अनेक यंत्रे सुस्थितीत असूनही अडगळीत गेली. म्हणूनच महाविद्यालयासाठी प्रिंटर खरेदी करताना किंमत व छपाईचा वेग यांबरोबरच तो कोणते खुले मानक पाळतो, याचीही विचारणा होणे अगत्याचे आहे. यंत्र विकत घेता येते. त्याची भाषा मात्र त्याबरोबर मिळतेच असे नाही.